नवीन रुग्णाशी बोलताना पहिली दोन मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नुकतीच स्वतंत्रपणे ओपीडी पाहायला लागलेली एक तरुण डॉक्टर विचारते, की नवीन रुग्ण समोर बसला की सुरुवातच अडखळते. ‘काय होतंय?’ म्हटलं की ‘डोकं दुखतं’ एवढंच उत्तर येतं. मग ती एकामागून एक प्रश्न विचारत सुटते. सगळं आटोपून रुग्ण दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...’ हातात वेळ तर मोजकाच. अशा वेळी बोलणं सुरू तरी कसं करावं?

दारातलं ते ‘अजून एक’ आणि सुरुवातीचं ते तुटक उत्तर या दोन वेगळ्या अडचणी वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. रुग्ण येतो तेव्हा काय सांगायचं ते त्याने मनात जुळवून आणलेलं असतं. रात्री झोप येत नसताना, वाटेत, बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याने ते दोन-चारदा घोळवलेलं असतं. पहिलं वाक्य बोलून तो जरासा थांबतो, कारण पुढचं तुम्हाला ऐकायचं आहे की नाही याचा त्याला अंदाज घ्यायचा असतो. नेमक्या त्या थांबण्यात आपण प्रश्न घुसवतो. कधीपासून? कुठल्या बाजूला? उलटी होते का? तिथून पुढे तो फक्त उत्तरं देतो. सांगायचं म्हणून जे आणलेलं असतं ते तसंच पोटात राहतं आणि उठताना बाहेर पडतं. तेव्हा पहिलं वाक्य कुठलं, हे महत्त्वाचं आहेच. पण ते बोलून झाल्यावर तुम्ही गप्प राहता का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

याचा चांगला अभ्यास झालेला आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं मध्येच अडवून आपल्या प्रश्नाकडे वळवलं होतं. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण मांडता आलं ते फक्त १७ जणांना. १९९९ साली २६४ भेटींवर असाच अभ्यास झाला, तेव्हा हा आकडा २३ सेकंदांवर आला होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: ज्यांना पुरतं बोलू दिलं, त्यांना मध्येच अडवलेल्यांपेक्षा सरासरी अवघे ६ सेकंद जास्त लागले. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयात ३३५ रुग्णांना मुद्दाम न अडवता बोलू दिलं गेलं. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सरासरी दीड मिनिटात लोक आपणहून थांबले. दर शंभरातले ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांच्या वर बोलले ते फक्त ७ जण, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायलाच हवं होतं असं त्यांच्या डॉक्टरांचंच मत पडलं.

म्हणजे ‘वेळ नाही म्हणून अडवावं लागतं’ हे कारण फारसं टिकत नाही. रुग्णाला बोलू दिलं तर तो थांबणारच नाही ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते, पण बहुतेक माणसं थांबतात. डॉक्टरांचा वेळ मोजका आहे हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

रुग्णाला आत बोलवायच्या आधी केस पेपर आणि त्याला पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून ठेवा. तो समोर बसल्यावर वाचायला लागलात तर पहिलं मिनिट त्याला तुमच्या डोक्याचा भांग बघण्यात घालवावं लागतं. आत आल्यावर नाव घेऊन बोलवा आणि तेच नाव बरोबर आहे ना, विचारा. यात सौजन्य आहे आणि चुकीच्या फाईलवर चुकीचं औषध लिहिलं जाण्याचा धोकाही टळतो. मग स्वतःचं नाव आणि काम सांगा: ‘मी डॉक्टर अमुक, आज तुम्हाला मी तपासणार आहे.’ हे इतकं साधं आहे की आपण ते गृहीत धरतो. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या रुग्ण म्हणून रुग्णालयात होत्या, तेव्हा उपचार करणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत, हे त्यांना जाणवलं. २०१३ साली त्यांनी नाव सांगून ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली आणि ती तिथल्या आरोग्यसेवेत सर्वदूर पोचली. अंगावर रुग्णालयाचे कपडे, हाताला सलाईन, अशा अवस्थेत कोण आपल्या पोटावर हात ठेवतंय हे माहीत नसणं काय असतं, याचा विचार एकदा शांतपणे करून बघा.

वयस्कर रुग्णांना आजी, काका म्हणावं का, असं मला शिकाऊ डॉक्टर नेहमी विचारतात. आपुलकीने म्हटलेलं बहुतेकांना आवडतं, सगळ्यांना नाही. साठीची बाई ‘आजी’ ऐकून मिटून बसलेली मी पाहिली आहे. नाव आणि ‘तुम्ही’ कुठेच चुकत नाही. ओळख वाढली की बाकीचं आपोआप ठरतं. ‘तू’ मात्र फक्त लहान मुलांना. रुग्णाचे कपडे किंवा काम बघून ‘तू’वर येणारे डॉक्टर त्याच क्षणी त्याचा विश्वास गमावतात, आणि रुग्ण ते कधी बोलून दाखवत नाही.

बसून बोला. वॉर्डात खाटेशेजारी उभ्या उभ्या बोलायची सवय पडलेली असते, ती मोडा. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडे एक डॉक्टर काही वेळा उभा राहून, काही वेळा बसून जेमतेम मिनिट-दीड मिनिट बोलला. तो बसला होता तेव्हा रुग्णांना ती भेट पाच मिनिटांहून मोठी वाटली. उभा होता तेव्हा चार मिनिटांचीही वाटली नाही.

बराच वेळ ताटकळलेला रुग्ण आत आला, तर तो काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणा: ‘तुम्हाला खूप वेळ थांबावं लागलं.’ एवढंच पुरे. उशीर का झाला याचं लांबलचक स्पष्टीकरण त्याला नको असतं.

आता पहिला प्रश्न. ‘कसे आहात?’ हा नवीन रुग्णासाठी गोंधळात टाकणारा प्रश्न आहे. सवयीने तोंडातून ‘बरा आहे’ येतं आणि लगेच ‘नाही म्हणजे, बरा नाही म्हणूनच आलो’ असं सावरावं लागतं. ‘का आलात?’ यात जाब विचारल्याचा सूर लागतो. ‘शुगर वाढलीये म्हणे?’ असं चिठ्ठी वाचून विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं आणि विषय तिथेच मिटतो. रॉबिन्सन आणि हेरिटेज या संशोधकांनी डॉक्टरांचे पहिले प्रश्न तपासले, तेव्हा हेच दिसलं. ‘आज तुमच्यासाठी काय करू?’ असा मोकळा प्रश्न ऐकलेले रुग्ण जास्त वेळ बोलले आणि डॉक्टरांबद्दल त्यांचं मतही जास्त चांगलं झालं. ‘सर्दीचा त्रास आहे ना?’ असं आधीच ठरवून विचारल्यावर हे घडलं नाही.

मी साधारण असं म्हणते: ‘सांगा, काय त्रास होतोय? अगदी सुरुवातीपासून सांगा, मी ऐकतेय.’ चिठ्ठी असेल तर: ‘तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचली आहे. तरी काय काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचंय.’ यातलं पहिलं वाक्य गाळू नका. ते नसेल तर रुग्णाला वाटतं की हिने काहीच वाचलं नाही, आता पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. दुसरंही गाळू नका. चिठ्ठीत आजाराचं नाव असतं, आजार अंगावर कसा आला हे नसतं.

आणि मग गप्प राहा. पेन खाली, हात कीबोर्डवरून बाजूला, नजर रुग्णाकडे. हे सांगायला सोपं आहे आणि करायला अवघड, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, फाईलवर लिहिलेलं: पित्ताचा त्रास, दोन महिने.

‘पित्ताचा त्रास आहे,’ तो म्हणाला. ‘इथं जळजळ होते.’ हात छातीच्या मध्यावर, पंजा उघडा.

मी फक्त ‘हं’ म्हटलं. तो थांबला, मीही थांबले.

‘म्हणजे तसं काही फार नाही. गोळी घेतो. गोळीने बरं वाटतं.’

‘गोळीने बरं वाटतं...’

‘हो, म्हणजे... आधी बसतो जरा. जिना चढलो की होतं ना, मग वरच्या पायरीवर बसतो. तोवर कमी झालेलं असतं. मग गोळी घेतो.’

या सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नाही. पहिल्या वाक्यानंतर मी ‘तिखट खाता का? जेवणानंतर होतं का?’ असं विचारलं असतं, तर तो दोन्हींना ‘हो’ म्हणाला असता, कारण भरल्या पोटी जिना चढल्यावरही त्याला जास्तच व्हायचं. मग मी पित्ताची गोळी बदलून दिली असती. जिन्याची गोष्ट त्याला स्वतःला महत्त्वाची वाटतच नव्हती, त्यामुळे मुद्दाम विचारल्याशिवाय ती आली नसती. आणि मुद्दाम विचारायचं तर आधी संशय यायला हवा. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं छातीतलं दुखणं हे हृदयाचं समजूनच पुढे जायचं असतं. त्याच दिवशी इसीजी आणि पुढच्या तपासण्या झाल्या.

मी त्या संभाषणात केलं काय? एक ‘हं’, एक थांबणं आणि त्याचेच शब्द परत त्याच्यासमोर ठेवणं. कोणाचेही शेवटचे दोन-तीन शब्द प्रश्न न करता उच्चारले की माणूस पुढचं सांगतो. मात्र ‘बरं, बरं’ घाईने म्हणू नका, ते ‘पुरे’सारखं ऐकू येतं. आणि ‘काही नाही हो, होईल सगळं ठीक’ हा धीर तर या टप्प्यावर अजिबात देऊ नका. अजून ऐकलंच नाही त्याबद्दल दिलेला धीर रुग्णाला खोटा वाटतो, आणि तो बरोबर असतो.

१९७५ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात ओपीडीतल्या ८० नवीन रुग्णांपैकी ६६ जणांचं पुढे खरं ठरलेलं निदान चिठ्ठी आणि हिस्टरी, म्हणजे रुग्णाने सांगितलेली आजाराची हकीकत, एवढ्यावरच झालं होतं. शरीरतपासणीने निदान बदललं ते ७ जणांचं, प्रयोगशाळेच्या रिपोर्टने ७ जणांचं. तेव्हापासून तपासण्या पुष्कळ वाढल्या आहेत. पण त्यातली कुठली करायची हे अजूनही पहिल्या दोन मिनिटांत काय ऐकलं त्यावरच ठरतं.

अडवूच नये असं मात्र नाही. रुग्णाला धाप लागली असेल, तो गोंधळलेला असेल, रक्तस्राव होत असेल, तर मोकळा प्रश्न बाजूला ठेवून थेट कामाचं विचारा. तो एका जुन्या शस्त्रक्रियेच्या आठवणीत पुरता वाहवत गेला असेल, तर कारण सांगून थांबवा: ‘एक मिनिट थांबवते तुम्हाला. ते छातीचं म्हणालात ना, ते मला नीट समजून घ्यायचंय.’ कारण कळलं तर माणूस दुखावत नाही.

पहिलं सांगणं संपलं की लगेच खोलात जायचा मोह होतो. तिथेच दारातल्या ‘अजून एक’ची सोय करून ठेवायची असते. ऐकलेलं दोन वाक्यांत परत सांगा आणि विचारा: ‘जळजळ, आणि झोप नीट नाही, हे कळलं. याशिवाय आणखी काय दाखवायचं ठरवून आला होतात?’ इथे प्रश्नाचा सूर फार काम करतो. ‘बाकी काही नाही ना?’ असं विचारलं तर रुग्ण तुमच्या ‘नाही’ला होकार देतो. हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली इंग्रजीत हेच मोजलं. प्रश्नात ‘एनी’ऐवजी ‘सम’ हा एकच शब्द बदलून डॉक्टरांना विचारायला सांगितलं. रुग्णांच्या मनात असूनही न बोलल्या गेलेल्या तक्रारी त्यामुळे जवळजवळ ७८ टक्क्यांनी घटल्या, आणि भेटीची वेळ वाढली नाही. मराठीत ‘आणखी काय?’ आणि ‘अजून काही नाही ना?’ यांच्यातला फरक बोलून बघितलात तर लगेच कानाला कळेल. ‘नाही, एवढंच’ असं उत्तर येईपर्यंत विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेलाच येतं.

पहिली तक्रार हीच मुख्य तक्रार, असं धरून चालू नका. माणूस अवघड गोष्ट सांगायच्या आधी सोपी सांगून बघतो. गुडघेदुखी ऐकून घेणारा डॉक्टर लघवीवर ताबा राहत नाही हेही ऐकून घेईल, असा तो हिशेब असतो.

यादी मोठी निघाली तर घाबरू नका. ती उघड झाली हे चांगलंच. ‘हे सगळं आज नीट होणार नाही. छातीचं आजच बघायला हवं. उरलेल्यातलं तुम्हाला कशाची जास्त काळजी वाटते?’ मग तुमची एक निवड आणि त्याची एक निवड, एवढं आज घ्या.

आणखी दोन प्रश्न मी सुरुवातीलाच कुठेतरी गुंफते. एक: ‘त्रास दोन महिन्यांचा आहे, मग आत्ता दाखवावं असं कशामुळे वाटलं?’ हा हलक्या आवाजात विचारायचा, नाहीतर उशीर केल्याचा ठपका वाटतो. याच्या उत्तरात बऱ्याचदा सगळी भीती असते. कामावरचा कोणी अचानक गेला, भावाला अमुक निघालं, मुलगी ओरडली. दुसरा: ‘तुम्हाला स्वतःला हे कशामुळे होत असावं असं वाटतं?’ यावर ‘ते तुम्हीच सांगायचं डॉक्टर’ असं उत्तर ठरलेलं आहे. म्हणून आधी म्हणा: ‘मी तपासून सांगणारच आहे, पण तुमच्याही मनात काहीतरी येऊन गेलं असेल.’ मनातलं कॅन्सरचं भय कळलंच नाही, तर तुम्ही पित्ताबद्दल कितीही छान समजावलं तरी तो माणूस घाबरलेलाच घरी जातो.

नातेवाईक सोबत असतील तर त्यांनाही ओळख विचारा, पण पहिला प्रश्न रुग्णाला, त्याच्याकडे बघून. उत्तर नातेवाइकाने दिलं तर ‘हो, तुमचंही ऐकते, आधी यांचं ऐकू या’ असं म्हणून परत वळा. ‘यांच्यासमोर बोललं तर चालेल ना?’ असं सगळ्यांदेखत विचारण्याला अर्थ नाही, कारण नको म्हणायची सोयच नसते. मी तपासणीच्या वेळी प्रत्येकाच्याच नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगते. नियमच आहे म्हटलं की कोणाला वावगं वाटत नाही, आणि मार, गर्भपात, दारू, आत्महत्येचे विचार, जे काही घरच्यांसमोर बोलता येत नाही त्याला जागा मिळते.

किशोरवयीन मुलांशी आणि मानसिक त्रासासाठी आलेल्यांशी बोलताना गुप्ततेचं आधी सांगा, गोष्ट ऐकून झाल्यावर नाही: ‘इथं बोललेलं आपल्यात राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मात्र मला इतरांना सांगावं लागेल, आणि ते मी आधी तुम्हाला सांगेन.’ लहान मूल असेल तर आधी मुलाशी बोला, मग पालकांशी. दुभाषी असेल तर नजर रुग्णाकडे, दुभाष्याकडे नाही. ऐकू कमी येणाऱ्याला आधीच विचारा कुठल्या कानाने चांगलं ऐकू येतं, आणि तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा. फोनवर किंवा व्हिडिओवर सर्वांत आधी विचारा: ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल ना? जवळ कोणी आहे का?’ फोनवर शांतता चाचपडायला लावते, म्हणून तिथे ‘हं’ जरा जास्त वेळा म्हणावं लागतं.

लिहिणं आणि टाइप करणं टाळता येणार नाही. पहिलं सांगणं संपलं की म्हणा: ‘आता हे लिहून घेते, म्हणजे काही सुटणार नाही.’ स्क्रीन अशी ठेवा की रुग्णालाही दिसेल. स्वतःबद्दल काय लिहिलं जातंय हे दिसलं की लोक चूक लगेच दाखवतात: ‘उजवा नाही डॉक्टर, डावा.’

एवढं करूनही कोणीतरी दारात वळेलच. काही गोष्टी उठून उभं राहिल्यावरच जिभेवर येतात. तेव्हा हातातलं पेन थांबवा आणि दोनच गोष्टी ठरवा: हे आजच ऐकायला हवं का, की पुढच्या वेळी चालेल. छातीतली कळ, अंगावरून जाणारं रक्त, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर त्यांना परत बसवा, बाहेर कितीही गर्दी असू दे. बाकीचं त्यांच्यादेखत केस पेपरवर लिहा आणि पुढची तारीख द्या. पुढच्या भेटीत तुमचा पहिला प्रश्न तोच असेल: ‘मागच्या वेळी जाता जाता तुम्ही हाताच्या मुंग्यांचं म्हणाला होतात, ते आधी सांगा.’